रेमेतबायची न पुसलेली वर्षं

पास्कोलभाऊंचा फोन आला तेव्हा मी पाचूबंदरला मासळी घेत उभी होते. भाऊ म्हणजे माझे मोठे दीर. ते स्वतःहून कधी कुणाला फोन करत नाहीत. आलेला फोनसुद्धा रेमेतबायच्या हातात देऊन मोकळे व्हायचे. त्यामुळे त्यांचं नाव दिसलं तेव्हाच मी हातातली पिशवी खाली ठेवली. "रेमेतला सकाळी दवाखान्यात नेलं होतं," ते म्हणाले, आणि मग बराच वेळ नुसते मागचे आवाज… कुणी स्ट्रेचर ढकलतंय, कुणी कुणाला नाव विचारतंय. "आता घरी आणायचंय. तू ये." एवढंच. मासळीवाली माझ्या तोंडाकडे बघत होती. तिनं हातातलं पापलेट खाली ठेवलं, स्वतःचा बसायचा पाट माझ्याकडे सरकवला आणि म्हणाली, "बस बाय. पानी पी आधी." मी बसले, पाणी प्याले, आणि खरं सांगायचं तर मला आधी रडू आलं नाही, राग आला. चर्चमध्ये, दफनाच्या वेळी, महिन्याच्या मिस्सेला, तो राग तसाच सोबत राहिला. लोक म्हणत होते, बरं मरण आलं, फार झिजली नाही बिचारी. मी मनात म्हणत होते, झिजली की. तुम्हाला दिसली नाही, एवढंच.

रेमेतबाय माझी थोरली जाऊ. बाप्तिस्म्याचं नाव रेमेदिना, पण त्या नावानं तिला फक्त फादरांनी हाक मारली असेल, तीही एकदाच. माहेरी ती रेमेत, आमच्याकडे रेमेतबाय. मी लग्न होऊन वसईतल्या या घरात आले तेव्हा ती रोज सकाळी डबा घेऊन कामाला जात असे. आमच्या गावातल्या बायका तेव्हा वाडीत राबायच्या, केळी-भाजी विकायच्या, फार तर शाळेत शिकवायच्या. रेमेतबाय कारखान्यात जायची. वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीत औषधांची एक कंपनी होती. तिथं इंजेक्शनच्या काचेच्या कुप्या एका उजेडाच्या पाटीसमोर धरायच्या आणि आत कण दिसतोय का बघायचं, हे तिचं काम. लग्नाआधीपासून ती तिथं होती. घरी आली की डोळे मिटून पाच मिनिटं बसायची आणि मग सासूबाईंच्या हातातून कोयता घेऊन मासळी साफ करायला लागायची. आमच्या घरातली बोली वेगळी आहे. ती इथं लिहिली तर निम्म्या वाचकांना कळणार नाही, म्हणून तिचं बोलणं मी सगळ्यांच्या मराठीत सांगते आहे. पण तिचा आवाज तुम्ही जरा चढा धरा. ती हळू बोलतच नसे.

मुलं लहान असताना ती कंपनी बंद झाली. मालकानं सगळं गुजरातेत हलवलं. गेटवर एक माणूस टेबल मांडून बसला होता आणि सगळ्यांचे पीएफ काढायचे फॉर्म भरून देत होता. सगळ्यांनी भरले. रेमेतबायची जिवाभावाची मैत्रीण सुनंदा, मनवेलपाड्याची, तिनंही भरला. त्या पैशांतून तिनं चाळीतली खोली पक्की करून घेतली आणि ते तिचं बरोबरच होतं, डोक्यावर पत्रे गळत होते. रेमेतबायनं मात्र फॉर्म भरला नाही. त्यामागे काही मोठा विचार होता असं नाही. भाऊंना केळी बाजारात न्यायला जुना टेम्पो घ्यायचा होता आणि त्यांची नजर त्या पैशांवर होती, हे तिला माहीत होतं. "काढले की टेम्पो येणार," ती मला मोरीत भांडी घासताना म्हणाली, "आणि टेम्पो आला की हा माणूस दिवसभर त्याच्याखाली झोपून दुरुस्ती करणार. पडू देत तिथंच. म्हातारी झाले की बघू." भाऊ आठवडाभर तिच्याशी बोलले नाहीत. आठवडाभर घरात शांतता होती, असं ती नंतर हसून सांगायची.

मग मधली वर्षं घरात गेली. एकाच अंगणात आम्हा दोघींच्या चुली वेगळ्या झाल्या. सासूबाई अंथरुणाला खिळल्या, त्यांचं सगळं तिनं केलं. मी शाळेत शिकवत होते, त्यामुळे माझ्या मुलींचंही अर्धं तिनंच केलं. सासूबाई गेल्या, तिचा मुलगा परदेशी गेला, मुलगी लग्न होऊन नालासोपाऱ्याला गेली, आणि पन्नाशी उलटलेली रेमेतबाय एक दिवस म्हणाली, मी पुन्हा कामाला जाते. सुनंदा एका कारखान्यात सुया पाकिटबंद करायच्या कामावर लागली होती, तिनंच हिला बोलावलं. घरात कुणालाच ते पटलं नाही. मुलगा फोनवर ओरडला, मी पैसे पाठवतो ना, मग कशाला? तिनं त्याला काय सांगितलं ते मला अजून ऐकू येतं. "तू पाठवतोस ते तुझे. मला माझ्या नावाचं काहीतरी पाहिजे. म्हातारपणी मीठ आणायला कुणाकडे हात पसरायचा नाही मला." तिच्या डोक्यात पेन्शन होतं. कारखान्यात पीएफ कापतात, त्यातूनच पुढं पेन्शन मिळतं, एवढं तिला सुनंदानं सांगितलं होतं. एवढंच दोघींना माहीत होतं.

इथून माझा राग सुरू होतो.

त्या कारखान्यात दिवसभर उभं राहावं लागे. दोन-तीन वर्षांत तिच्या पायांच्या शिरा फुगल्या, संध्याकाळी घोट्यांना सूज यायची, आणि पुढं जिना चढताना दम लागायला लागला. अठ्ठावन्न पूर्ण झाली तेव्हा तिच्या मुलीनं केक आणला होता. मी म्हटलं, झालं आता, घरी बस. तर तिनं कसं बसायचं ते आधीच विचारून ठेवलं होतं. ती आणि सुनंदा दोघी जोडीनं कारखान्याच्या ऑफिसात गेल्या होत्या. तिथल्या मुलानं, तो टाय लावायचा, कॉम्प्युटरवर बघून दोघींना सांगितलं, "आंटी, पेन्शनला दहा वर्षं लागतात. तुमची झाली सहा. अजून चार करा, मग मिळेल." दोघी महिन्या-दोन महिन्यांच्या अंतरानं लागल्या होत्या, म्हणून दोघींना एकच उत्तर. सुनंदाच्या बाबतीत ते उत्तर खरं होतं. रेमेतबायच्या बाबतीत ते साफ खोटं होतं. पण त्या मुलानं एकच प्रश्न विचारला नाही, आणि तो विचारायचा असतो हे या दोघींना माहीत नव्हतं. आधी कुठं नोकरी केली होती का, आणि केली असेल तर ते पैसे काढले का ठेवले?

आता हे सगळं मला इतकं पाठ झालंय की झोपेत विचारलं तरी सांगेन. पगारातून कापतात आणि मालक घालतो, त्याचे दोन भाग होतात. एक पीएफ, तो तुमचा, साठत जातो. दुसरा मालकाच्या वाट्यातून जातो, तो पेन्शनचा. त्यात पैशांपेक्षा वर्षं महत्त्वाची. नोकरी सोडली म्हणून खातं मरत नाही. ते तिथंच पडून राहतं आणि तुम्ही दुसरीकडे लागलात की जुनं खातं नव्याला जोडून घ्यायचं असतं. जोडलं की जुनी वर्षंही सोबत येतात. दहा वर्षं एकाच ठिकाणी व्हायला लागत नाहीत, सगळी मिळून व्हावी लागतात. मात्र मधेच पेन्शनचा भागही काढून घेतला, तर ती वर्षंही गेली. सुनंदाची गेली होती. रेमेतबायची, त्या टेम्पोच्या भीतीनं का होईना, जागच्या जागी होती. हल्ली माणसाला आयुष्यभराचा एकच नंबर मिळतो आणि सगळ्या नोकऱ्या त्याखाली येतात. तिची पहिली कंपनी ते सुरू व्हायच्या कितीतरी आधीच बंद पडली होती. त्यामुळे नव्या नंबराला तिचं जुनं आयुष्य माहीतच नव्हतं. हे इतकंच आहे. एका परिच्छेदात बसतं. पण हे एवढं समजायला आम्हाला जे करावं लागलं…

मी निवृत्त झाले आणि माझं पेन्शन पुढच्या काही महिन्यांत आपोआप बँकेत यायला लागलं. मला कुठं जावं लागलं नाही, शाळेच्या कारकुनानं सगळं केलं. त्याच दिवसांत मी रोज संध्याकाळी रेमेतबायला कामावरून येताना बघत होते. रिक्षातून उतरायची आणि फाटकाला धरून उभी राहायची, दम परत येईपर्यंत. एकदा मी न राहवून विचारलं, "तुझ्या त्या पहिल्या कंपनीचं काय झालं गं?" ती म्हणाली, "ती मेली." मी म्हटलं, "कंपनी मेली. तुझे पैसे?"

तिथून आमची वणवण सुरू झाली. आधी स्टेशनजवळच्या एका दुकानात गेलो, जिथं ऑनलाइन कामं करून देतात. त्या माणसानं वेबसाइट उघडली, पासवर्ड मागितला. पासवर्ड टाय लावणाऱ्या मुलानं ठेवला होता आणि तो नोकरी सोडून गेला होता. नवा करायचा तर मोबाइलवर आकडा येतो. तो मोबाइल नंबर तिच्या मुलाच्या जुन्या सिमचा, जे तो परदेशी जाताना घरी ठेवून गेला होता आणि पुढं बंद पडलं होतं. मोबाइल बदलायचा तर बोटांचे ठसे द्या. तिनं बोटं मशीनवर ठेवली, उचलली, पदराला पुसली, परत ठेवली. ठसे उमटेनात. सुया हाताळून आणि त्याआधी वाडीत राबून तिची बोटं गुळगुळीत झाली होती. दुकानदार म्हणाला, "मावशी, हे कशाला करता? माझ्याकडे एक माणूस आहे. सगळंच काढून देतो, पीएफ, पेन्शन, सगळं. दोन आठवड्यांत खात्यात. एकदाचं मोकळं व्हा." मला ते ऐकून बरं वाटलं होतं, कारण मला तेव्हा काहीच कळत नव्हतं. रेमेतबाय मात्र उठली. "ज्याला माझे पैसे काढायची माझ्यापेक्षा घाई, त्याच्याकडे मला जायचं नाही." ती कशावरच विश्वास ठेवायची नाही, आणि याचा मला आयुष्यभर वैताग आला. पण तेव्हा त्या अविश्वासानंच आम्हाला वाचवलं. त्या माणसाकडे गेलो असतो तर राहिलेली वर्षंही पुसली गेली असती.

शेवटी मी तिला रजा टाकायला लावून पीएफच्या ऑफिसात घेऊन गेले. रजा टाकायलाही तयार नव्हती, दिवसाचा पगार बुडतो म्हणून. आम्ही भांडतच गेलो. तिथं तक्रारींचा दिवस होता, गर्दी होती. आम्हाला ज्या बाईंच्या टेबलाशी पाठवलं त्या दमलेल्या दिसत होत्या, समोर थंड झालेला चहा. मी शाळेतल्यासारखं सविस्तर सांगायला सुरुवात केली तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं आणि रेमेतबायला विचारलं, "जुना नंबर आठवतो का?" आणि आमच्या रेमेतबायनं तो धडाधड म्हणून दाखवला. कंपनीचा कोड, मग तिचा नंबर. वर्षानुवर्षं दर महिन्याला पगाराच्या चिठ्ठीवर त्याच्यापुढंच सही केली होती ना. बाईंनी टाइप केलं. थोडा वेळ बघितलं.

"पैसे काढले नव्हते तुम्ही."

"नाही," रेमेतबाय म्हणाली. "पण मधे मी कितीतरी वर्षं घरी होते."

"घरी होता ती मोजत नाहीत. पण म्हणून आधीची पुसली जात नाहीत."

"मग दहा व्हायला अजून किती राहिली?"

बाईंनी स्क्रीनवरून मान वळवली. "तुमची दहा केव्हाच झालीत. जुनी आठ आणि काही महिने, आणि इथली. अठ्ठावन्नच्या दिवशी अर्ज केला असता तरी पेन्शन सुरू झालं असतं."

जी रेमेतबाय शेजारच्या वाडीत ऐकू जाईल एवढ्यानं बोलायची, तिचा आवाज इतका बारीक झाला की बाईंना पुढं वाकावं लागलं. "म्हणजे," ती म्हणाली, "मी घरी बसले असते तरी चाललं असतं?" बाईंनी तिला पाण्याची बाटली दिली.

परतीच्या रिक्षात मी बडबडत होते. त्या टायवाल्या मुलाला शोधून काढायचं, कारखान्यावर अर्ज करायचा, पेपरात लिहायचं. ती बाहेर बघत होती. मधेच म्हणाली, "सुनंदाला कसं सांगायचं?" मला कळेना. "तिला काय सांगायचंय?" "तिला अजून दीड वर्ष आहे गं. मी सुटले असं तिला कोणत्या तोंडानं सांगू?" मला त्या क्षणी तिला रिक्षातून खाली ढकलावंसं वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती डबा घेऊन कामावर गेली.

कारण अजून तिची सुटका झालीच नव्हती. वर्षं सापडली होती, पण ती तिचीच आहेत हे सिद्ध करायचं होतं. पहिल्या कंपनीत ती लागली तेव्हा लग्न झालेलं नव्हतं. सुपरवायझरनं नाव विचारलं, हिनं सांगितलं रेमेत, त्यानं लिहिलं रेमेत, आडनाव माहेरचं, डिमेलो. नव्या खात्यावर रेमेदिना लोपीस. आधारवर लोपीसमध्ये जिथं इंग्रजी 'आय' तिथं बँकेत 'ई', म्हणजे लोपेस. आमच्या वसईत एकाच घरात एका भावाचं आडनाव एका तऱ्हेनं आणि दुसऱ्याचं दुसऱ्या तऱ्हेनं लिहिलेलं असतं. फादर बदलले की स्पेलिंग बदलतं आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही, कारण आम्हाला माहीत असतं कोण कुणाचं. पण कॉम्प्युटरला तीन वेगळ्या बायका दिसत होत्या. एक रेमेत, एक रेमेदिना, एक लोपेस. या तिघी एकच, हे सांगायला जुन्या मालकाची सही लागत होती आणि जुना मालक कुठं आहे ते देवालाही माहीत नव्हतं. मग बंद कंपनीसाठी वेगळी पद्धत. मग लग्नाचा दाखला चर्चचा, त्यावरचा शिक्का पुसट. मग प्रतिज्ञापत्र. मग बँकेत नाव दुरुस्त, तोवर आधारवरच्या मोबाइल नंबरची दुरुस्ती नामंजूर. मी कुणा एका माणसाला दोष देत नाही. खरं सांगायचं तर हेच सगळ्यात जास्त चीड आणणारं होतं, की भेटलेला प्रत्येक माणूस आपापल्या खुर्चीवर बरोबर होता. कुणी उद्धट बोललं नाही. सगळे म्हणत होते, होईल, होईल. आणि ती उभी होती. अक्षरशः उभी होती, त्या सुयांच्या टेबलाशी.

आमचं सगळ्यात मोठं भांडण तेव्हाच झालं. नाताळच्या आधी, करंज्या करताना. मी म्हटलं, "सोड आता ती नोकरी. पेन्शन कुठं जात नाही. आज ना उद्या नावं जुळतील." ती लाटणं आपटून म्हणाली, "तुला बोलायला काय जातं? तुझं महिन्याच्या महिन्याला येतं. नाही जुळली तर? तेव्हा परत कोण मला कामावर घेईल, या पायांना?" मी म्हटलं, "या पायांसाठीच म्हणतेय." "मग माझ्या पायांची काळजी तू नको करूस." भाऊ पडवीत बसले होते, ते उठून वाडीत निघून गेले. आम्ही दोघींनी उरलेल्या सगळ्या करंज्या न बोलता केल्या. मला वाटतं, तिला माझा राग आला नव्हता. एकदा फसल्यावर माणूस खऱ्या गोष्टीलाही हात लावून बघतो, तसं झालं होतं तिचं. अजून चार वर्षं लागतील हे एकानं छातीठोकपणे सांगितलं होतं. आता दुसरं कुणी छातीठोकपणे सांगत होतं की लागत नाहीत. तिनं कुणाचं धरायचं?

नावं जुळली. कधीतरी जुळलीच. पेन्शन मंजूर झाल्याचा मेसेज तिच्या मोबाइलवर इंग्रजीत आला आणि ती तो घेऊन माझ्याकडे आली, मी वाचून दाखवला, तिनं परत वाचायला लावला. मग म्हणाली, "माझं नाव कसं लिहिलंय ते वाच." मी वाचलं. रेमेदिना पास्कोल लोपीस. ती म्हणाली, "हां. ही मी." महिनाअखेरीस तिनं नोकरी सोडली. सुनंदाला तिनं स्वतः सांगितलं, आणि सुनंदा, तिचं मोठेपण, कारखान्याच्या गेटवर हिच्या गळ्यात पडून नाचली म्हणे. तिची स्वतःची दहा वर्षं अजून पुरी व्हायची होती. ती अजून उभी आहे तिथं.

तेव्हापासून ती जाईपर्यंत जेमतेम काही महिने मिळाले. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलं होतं, खूप आधीपासून. मी त्यांना विचारलं, आधी विश्रांती मिळाली असती तर? त्यांनी खांदे उडवले नाहीत की काही ठाम सांगितलंही नाही. "सांगता येत नाही," म्हणाले. या 'सांगता येत नाही'वर मी अजून अडकून आहे. उभं राहून काढलेली ती जादा वर्षं कारखान्याच्या नावावर लिहू, त्या टायवाल्या मुलाच्या, स्पेलिंगच्या, का तिच्या हट्टाच्या? माझ्या शाळेत हल्ली कंत्राटावर मुली लागतात. निवृत्त झाले तरी मी अधूनमधून तिथं जाते, तेव्हा त्यांना दिसतील तिथं पकडते आणि विचारते, आधीची नोकरी होती का, खातं जोडलंस का, नाव सगळीकडे एकच आहे का? त्या हसतात. म्हणतात, बघू मॅडम, आता कुठं म्हातारपण आलंय. मी चिडते, आणि त्या मला टाळून दुसऱ्या जिन्यानं जातात.

भाऊंचंही आता तेच सुरू झालं आहे. तिच्या मागे तिच्या पेन्शनचा अर्धा वाटा नवऱ्याला मिळतो, त्यासाठी अर्ज करायचा. गेल्या आठवड्यात कळलं की तिच्या कागदांत भाऊ पास्कोल आहेत आणि त्यांच्या बँकेत पास्कल. ऐकल्यावर मी फोन सोफ्यावर फेकला. भाऊ म्हणाले, "राहू दे. मला नको. केळी विकून भागतं माझं." मी त्यांना, माझ्या मोठ्या दिरांना, आयुष्यात पहिल्यांदा आवाज चढवून बोलले. "ते तुमचं नाहीच. ते तिचं आहे. तिनं त्यासाठी पाय झिजवलेत, आणि तुम्ही राहू दे म्हणता?" ते खाली मान घालून गेले. मग मला वाईट वाटलं.

तिच्या त्या मोकळ्या महिन्यांत ती काय करायची, हे सांगायचं राहिलंच. काहीही करायची नाही. तिची मुलगी म्हणायची, आई, वेळ मिळालाय तर कुठं फिरायला जा. ती गेली नाही. दुपारी तीनच्या सुमारास, म्हणजे जेव्हा ती एवढी वर्षं टेबलाशी उभी असायची तेव्हा, ती आमच्या मागच्या अंगणातून यायची, माझ्या स्वयंपाकघराच्या पायरीवर बसायची आणि पाय लांब सोडायची. पहिल्या दिवशी मी घाबरून विचारलं, काय झालं? "काही नाही. अशीच आले," ती म्हणाली. इतक्या वर्षांत ती माझ्याकडे कधी अशीच आली नव्हती. वाटीभर काही द्यायला, कोयता मागायला, मुलीला ताप आहे म्हणून सांगायला, असं काहीतरी कारण हातात असायचंच. आता रोज अशीच यायची. कधी बोलायची, कधी नाही. एकदा बसल्या बसल्या डुलकी लागली आणि जागी झाल्यावर ओशाळून म्हणाली, "बघ, दिवसाढवळ्या झोपते मी आता." म्हणताना चेहरा इतका खूश होता…

परवा दुपारी मी ओट्याशी होते. मागच्या अंगणात पावलं वाजली. दचकून बघितलं तर भाऊ. मला वाटलं, बँकेचं काही अडलं असेल, नाहीतर माझ्यावरचा राग काढायला आले असतील. मी हात पुसत विचारलं, "काय झालं भाऊ? काही काम होतं?"

"नाही," ते म्हणाले. जरा वेळ पायरीकडे बघत उभे राहिले. मग हळूच टेकले आणि पाय लांब केले.

"असाच आलो."

मी चहा ठेवला. पास्कोल की पास्कल, तो विषय त्या दुपारी आम्ही दोघांनीही काढला नाही.